विंडोज नाही, तरी गेम कसा चालतो?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत अपडेट देणं थांबवलं, आणि कुडाळच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एकाच जातीची मशीनं येऊ लागली. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आठ जीबी रॅम, खारट दमट हवेने गंज धरलेले स्क्रू, बाकी सगळं ठणठणीत. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे इंटेल प्रोसेसर चालत नाहीत, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. पण मशीन काही भंगारात घालण्याजोगं झालेलं नसतं. मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम सुचवतो. आईवडील लगेच हो म्हणतात. ब्राउझर, यूट्यूब, सातबाऱ्याची पीडीएफ, एवढं झालं की त्यांचं काम भागतं. अडून बसतो तो घरातला दहावी-बारावीतला मुलगा. "काका, ह्येच्यार गेम चलतत काय?"

चलतत. सगळे नाही, पण खूप. नेमके कोणते, हे बऱ्याच वेळा इन्स्टॉल करण्याआधीच सांगता येतं. गेम किती जड आहे, ग्राफिक्स किती भारी आहेत, यावरून ते ठरत नाही. तो गेम विंडोजकडे काय काय मागतो, यावरून ठरतं. जुनी फाइल, जुनं चित्र, जुना आवाज मागणारा गेम चालतो आणि दिसायला साधा असलेला एखादा ऑनलाइन गेम दारातच अडतो, त्याचं कारण हेच.

ईएक्सई फाइलीत असतं काय

याबद्दल दोन समज कायम ऐकू येतात. एक, लिनक्सच्या आत गुपचूप एक छोटं विंडोज चालवलेलं असतं. दुसरा, गेम आधी लिनक्सच्या रूपात बदलून घेतात. दोन्ही चुकीचे.

ईएक्सई फाइलीत मुख्यतः प्रोसेसरला द्यायच्या सूचना असतात. ही संख्या त्या संख्येत मिळव, शून्य आलं तर अमुक ठिकाणी उडी मार, अशा. प्रोसेसरला विंडोज आणि लिनक्स हा भेदच माहीत नसतो. मशीन तेच, इंटेल तोच, त्यामुळे गेमचा हा भाग जसाच्या तसा, पूर्ण वेगाने चालतो. प्लेस्टेशनचे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारे एम्युलेटर असतात, त्यांना वेगळ्याच प्रोसेसरच्या सूचना या प्रोसेसरला समजतील अशा करून द्याव्या लागतात. इथे तसलं काही लागत नाही.

मग अडतं कुठे? गेम स्वतःच्या जिवावर फक्त आकडेमोड करू शकतो. हार्ड डिस्कवरची फाइल उघडायची, पडद्यावर खिडकी काढायची, माऊस कुठे आहे ते विचारायचं, स्पीकरला आवाज पाठवायचा, यातल्या प्रत्येक कामासाठी त्याला विंडोजला हाक मारावी लागते. या हाका डीएलएल नावाच्या फायलींमार्फत जातात. कर्नल३२, यूझर३२, एनटीडीएलएल ही त्यातली नेहमीची नावं. लिनक्सवर यातलं काहीच नसतं. शिवाय फाइल बांधायची पद्धतही निराळी. विंडोजची पीई नावाची, लिनक्सची ईएलएफ. म्हणून लिनक्सला थेट ईएक्सई दिली तर त्याला तिचं काय करायचं तेच कळत नाही.

वाइन नावाचं सॉफ्टवेअर इथे कामाला येतं. ते पीई फाइल वाचतं, मेमरीत योग्य जागी मांडतं आणि गेमने जी जी डीएलएल मागितली असेल तिच्या नावाची स्वतःची डीएलएल पुढे करतं. आतल्या फंक्शनची नावं तीच, त्यांना द्यायची माहिती तीच, मिळणारं उत्तरही तसंच. फंक्शनच्या पोटात मात्र सगळं काम लिनक्सकडून करवून घेतलेलं.

दशावताराला लिखित संहिता नसते, हे सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. कथा ठरलेली, पात्रं ठरलेली, संवाद नट रंगमंचावरच रचतात. म्हणूनच जत्रेच्या रात्री एखादा नट आजारी पडला तर दुसरा कुणी तयारीचा नट ऐनवेळी रंग लावून उभा राहू शकतो. समोरच्याने टाकलेल्या वाक्याला बरोबर जबाब आला की नाटक पुढे सरकतं. वाइन हा असा बदली नट आहे. समोर विंडोजच उभं आहे असं समजून गेम वाक्य टाकतो आणि जबाब वाइन देतं. गंमत पुढे आहे. मूळ नटाला एखादी खोड असेल, म्हणजे अमुक प्रसंगात तो नेहमी दोन पावलं जास्त पुढे येत असेल, आणि समोरचा त्या हिशेबानेच तलवार फिरवत असेल, तर बदली नटाला ती खोडसुद्धा उचलावी लागते. नाहीतर वार चुकतो.

वाइन लिहिणाऱ्यांचं अर्धं आयुष्य या खोडी शिकण्यात गेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत एखादं फंक्शन काय करतं ते लिहिलेलं असतं, पण चुकीची माहिती दिली तर ते नेमकं कसं वागतं हे बऱ्याचदा नसतं. आणि गेम लिहिणारे सरळ मार्गानेच जातात असं थोडंच आहे! म्हणून वाइनसोबत छोट्या छोट्या चाचण्यांचा प्रचंड मोठा संच असतो. त्या खऱ्या विंडोजवर चालवतात, उत्तरं बघतात आणि वाइनने तेच उत्तर द्यायला हवं असं ठरवतात. विंडोजमध्ये चूक असेल तर वाइनमध्येही ती चूक हवी.

हे काम १९९३ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला बॉब अ‍ॅमस्टॅट त्याचं नेतृत्व करत होते. १९९४ पासून ती धुरा अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आहे. पहिली पक्की आवृत्ती, वाइन १.०, आली १७ जून २००८ ला. पंधरा वर्षं! चेष्टाही खूप झाली. पण विंडोजमध्ये हजारो फंक्शन आहेत, आणि मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड न बघता ती नव्याने लिहायची होती. ज्याने विंडोजचा फुटलेला कोड पाहिला असेल त्याचं काम वाइनमध्ये घेतच नाहीत, इतकी काळजी. कायद्याच्या अंगाने वाइन टिकून राहिलं ते यामुळे. त्यात विंडोजच्या कोडची एक ओळही नाही. कोडवीव्हर्स ही अमेरिकन कंपनी वाइनवर आधारलेलं क्रॉसओव्हर विकते आणि वाइनच्या अनेक लेखकांना पगार देते. ऑगस्ट २०२४ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टने आपला मोनो हा प्रकल्प (डॉट नेटवर लिहिलेले प्रोग्रॅम विंडोजबाहेर चालवणारा) वाइनवाल्यांच्या स्वाधीन केला.

सी ड्राइव्ह कुठे आहे?

लिनक्सवर सी ड्राइव्ह नसतोच. वाइन तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपवलेला फोल्डर करतं आणि त्यात ड्राइव्ह-सी नावाचा आणखी एक. गेमला वाटतं हाच सी ड्राइव्ह. त्यात विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, यूझर्स असे नेहमीचे फोल्डर मांडून ठेवलेले असतात. विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग जिथे लिहून ठेवतात ती रजिस्ट्री म्हणजे इथे साध्या मजकुराच्या दोन-तीन फायली, वाटलं तर नोटपॅडसारख्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडून बघा. या सगळ्या पसाऱ्याला मिळून प्रीफिक्स म्हणतात. प्रत्येक गेमला वेगळा प्रीफिक्स द्यावा, म्हणजे एकासाठी केलेली जुळवाजुळव दुसऱ्याच्या मुळावर येत नाही.

बारीकसारीक भानगडी इथेच निघतात. विंडोजवर मोठ्या लिपीत लिहिलेलं फाइलचं नाव आणि छोट्या लिपीतलं एकच मानतात, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फायली. गेम लिहिणाऱ्याने एका जागी असं आणि दुसऱ्या जागी तसं लिहिलेलं असतं, विंडोजवर कधी लक्षातच आलेलं नसतं. मग वाइनला फोल्डरभर हुडकून जुळणारं नाव शोधून द्यावं लागतं.

आणि एक झेड ड्राइव्हही असतो. त्यात तुमचं पूर्ण लिनक्स दिसतं. गणपतीला चाकरमानी येतात, त्यांच्या मुलांच्या पेनड्राइव्हमध्ये 'फुकटचे' गेम असतात, आणि "लिनक्सला व्हायरस लागत नाही" या भरवशावर ते डबल-क्लिक होतात. वाइन इमाने इतबारे ईएक्सई चालवतं. ती ईएक्सई तुमच्या फायली कुलूपबंद करणारी असेल तर तीही चालवतं, आणि झेड ड्राइव्हमधून तिला तुमचे फोटो, कागदपत्रं सगळं दिसतं. वाइन म्हणजे तटबंदी नव्हे.

फायली, खिडक्या, चालू असलेले प्रोग्रॅम यांचा हिशेब खऱ्या विंडोजमध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला गाभा, ठेवतो. वाइनमध्ये ते काम वाइनसर्व्हर नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम करतो. आजचे गेम एकाच वेळी अनेक धाग्यांत काम करतात. एक धागा आवाज बघतो, दुसरा नकाशा डिस्कवरून आणतो, तिसरा चित्राची तयारी करतो. "तुझं झालं का, मग मी सुरू करतो" असे निरोप त्यांच्यात सेकंदाला हजारोंनी जातात. हा प्रत्येक निरोप वाइनसर्व्हरमार्फत गेला की गेम रेंगाळतो. एलिझाबेथ फिगुरा यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. आधी लिनक्समधल्याच सोयी वापरून आडवाटा काढल्या, आणि शेवटी हे निरोप विंडोजच्याच रीतीने पोचवणारा भाग थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये गेला. मार्च २०२५ मधल्या लिनक्स ६.१४ पासून तो वापरण्याजोगा झाला, त्याचं नाव एनटीसिंक. म्हणजे विंडोजचे गेम नीट चालावेत म्हणून लिनक्सने आपला गाभा बदलून घेतला. वीस वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तसाच बदल आधी एकदा झाला होता. काही गेम, विशेषतः चोरून कॉपी होऊ नये म्हणून कडेकोट बांधलेले, डीएलएलला हाक मारतच नाहीत. ते मधला नट ओलांडून सरळ कर्नलशी बोलायला जातात. विंडोजच्या कर्नलसाठीची ती हाक लिनक्सच्या कर्नलच्या कानावर पडते आणि त्याला भलताच अर्थ लागतो. त्यासाठी लिनक्स ५.११ मध्ये, २०२१ च्या फेब्रुवारीत, अशा हाका वाटेतच पकडून वाइनकडे परत पाठवायची सोय केली गेली.

चित्राचं काय?

खरा डोंगर हा होता. गेम ग्राफिक्स कार्डशी थेट बोलत नाही. विंडोजवर तो डायरेक्टएक्सशी बोलतो, त्यातल्या डायरेक्ट३डी नावाच्या भागाशी. इतके त्रिकोण काढ, त्यांच्यावर हा रंग चढव, इथून उजेड टाक, असं त्याला सांगतो. लिनक्सवर डायरेक्ट३डी नाही. तिथे पूर्वी ओपनजीएल होतं.

वाइनने स्वतःच डायरेक्ट३डीचं काम ओपनजीएलवर करून दाखवलं, त्याला वाइनडी३डी म्हणतात. जुन्या गेमना ते आजही पुरतं. पण दोघांची कामाची तऱ्हा इतकी वेगळी की नव्या गेममध्ये हा सगळा ताळमेळ जुळवण्यातच प्रोसेसरचा जीव जायचा. कार्ड रिकामं बसलेलं आणि गेम अडखळत चाललेला, असं चित्र दिसायचं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये वल्कन आलं. हे ओपनजीएलपेक्षा कार्डाच्या जास्त जवळचं. त्यात सोयी कमी, पण कार्डाकडून काय, कधी, कुठल्या क्रमाने करून घ्यायचं ते सगळं लिहिणाऱ्याच्या हातात. फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला 'नीअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि तो धड चालत नव्हता. त्याने डायरेक्ट३डी ११ चं काम वल्कनवर करणारा थर लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. २०१८ च्या सुरुवातीलाच व्हॉल्व्ह कंपनीने त्याला या कामासाठी करारावर घेतलं. आज डायरेक्ट३डी ८ पासून ११ पर्यंतचं सगळं डीएक्सव्हीके बघतं, आणि डायरेक्ट३डी १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा वेगळा प्रकल्प आहे. माझ्या मते लिनक्सवरच्या गेमिंगचा इतिहास डीएक्सव्हीकेच्या आधीचा आणि नंतरचा असा सरळ दोन भागांत पडतो.

पहिल्यांदा खेळताना गेम मध्येमध्ये गचके देतो, त्याचं कारणही इथेच. पाण्याची चमक, गवताची सावली वगैरे काढण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर छोटे प्रोग्रॅम चालतात, त्यांना शेडर म्हणतात. गेमसोबत ते मायक्रोसॉफ्टच्या अर्धवट शिजवलेल्या रूपात येतात. डीएक्सव्हीके त्यांना वल्कनला कळणाऱ्या रूपात आणतं आणि मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ते तुमच्या नेमक्या कार्डासाठी तयार करतो. समोर नवीन काही आलं की हे सगळं तिथल्या तिथे होतं, तेवढा वेळ चित्र थबकतं. एकदा तयार झालेला शेडर साठवून ठेवतात, म्हणून दुसऱ्या खेळात गचके कमी होतात. २०२२ च्या अखेरीस आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून, ड्रायव्हरची साथ असेल तर, बरीचशी तयारी गेम लोड होतानाच उरकली जाते.

स्टीम हे व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकानही ही तयारी आधीच डाउनलोड करून देतं. चांगली सोय, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाच्या दीड-दोन जीबीत भागवणाऱ्या घरात ती डोकेदुखी होते, कारण गेमला साधं अपडेट आलं तरी हा साठा पुन्हा उतरतो. वेंगुर्ला-शिरोड्याकडच्या गिऱ्हाइकांना मी स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन शेडरचं हे आधीच उतरवणं बंद करून देतो. पहिल्या दिवशी गचके खा, डेटा वाचवा.

आता तुमच्या मशीनवर वल्कन चालतं का, हा प्रश्न. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना वल्कन १.३ लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या ग्राफिक्सला लिनक्सवर ते मिळतं. मजा बघा, विंडोज ११ ने नाकारलेली सहावी-सातवी पिढी इथे व्यवस्थित बसते. त्याच्या मागची चौथी, तिसरी पिढी मात्र वल्कनच्या बाबतीत अर्धवट. आणि आपल्याकडे घरोघरी सापडणारं एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड वल्कन १.२ वर थांबलं आहे. तिथे वाइनडी३डी किंवा डीएक्सव्हीकेची जुनी १.१० ची मालिका वापरायची. 'व्हाइस सिटी'च्या पिढीतले गेम तेवढ्यावर खुशाल चालतात. एनव्हिडियाच्या कार्डासोबत आलेला 'एक्सट्रा' ग्राफिक्सचा अभिमान असलेल्या मुलाला हे पटवणं अवघड जातं, पण नव्या गेमसाठी कधीकधी ते कार्ड काढून प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स वापरलेलं बरं.

प्रोटॉन म्हणजे काय?

प्रोटॉन म्हणजे वाइन, डीएक्सव्हीके, व्हीकेडी३डी-प्रोटॉन आणि इतर किरकोळ दुरुस्त्या यांची व्हॉल्व्हने बांधलेली मोट. व्हॉल्व्हला यात रस का, तर स्टीम हे दुकान त्यांचं, आणि ते दुकान मायक्रोसॉफ्टच्या जागेत. २०१२ मध्येच व्हॉल्व्हचे गेब न्यूवेल यांनी विंडोज ८ वर जाहीर टीका केली होती. २०१५ मध्ये त्यांनी लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन बाजारात आणली, ती आपटली. लिनक्ससाठी मुद्दाम बनवलेले गेम फारच थोडे होते आणि कंपन्या ते बनवायला तयार नव्हत्या. मग त्यांनी गेम कंपन्यांच्या विनवण्या सोडल्या आणि विंडोजचे गेम आहेत तसे चालवायचं ठरवलं. २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन आलं, तेव्हा २७ गेमना अधिकृत मान्यता होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं, ते पूर्णपणे याच्याच भरवशावर. त्याच महिन्यात आलेला 'एल्डन रिंग' विंडोजवर अडखळत होता. प्रोटॉनवाल्यांनी त्यातली एक अडखळ आपल्या थरात सोडवून टाकली, त्यामुळे काही दिवस तो गेम लिनक्सवर जास्त सुरळीत चालत होता. बदली नटाने मूळ नटापेक्षा टाळ्या जास्त घेतल्या.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. मॅकवरही वाइन चालतं, आणि २०२३ मध्ये अ‍ॅपलने गेम बनवणाऱ्यांसाठी जे साधन दिलं त्यात क्रॉसओव्हरचाच कोड आहे. मात्र नव्या मॅकचा प्रोसेसर इंटेलचा नाही, म्हणून तिथे सूचनासुद्धा बदलून द्याव्या लागतात. ते काम अ‍ॅपलचं रोझेटा करतं. फ्रीबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टीमवरही वाइन आहे, वापरणारे थोडे.

जिथे जबाब देऊन भागत नाही

'व्हॅलोरंट' चालत नाही. 'फोर्टनाइट' चालत नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी'चे नवे भाग चालत नाहीत. दुकानात सगळ्यात जास्त वेळ हे सांगण्यात जातो, आणि समोरच्याला वाटतं मला जमत नाही म्हणून मी टाळतो आहे.

ऑनलाइन गेममध्ये भिंतीपलीकडचं बघणारे, आपोआप नेम धरणारे लबाड असतात. त्यांना पकडायला अँटी-चीट असतं. लबाडीची सॉफ्टवेअर हुशार होत गेली तसं अँटी-चीट खोल उतरत गेलं, आणि आता त्यातली अनेक विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतात. 'व्हॅलोरंट'चं व्हॅनगार्ड तर कॉम्प्युटर सुरू होतानाच जागं होतं. वाइन विंडोजच्या वतीने जबाब देतं खरं, पण त्याच्या मागे विंडोजचा कर्नल नाही. खाली लिनक्सचा कर्नल आहे, आणि विंडोजचा ड्रायव्हर त्याच्यात बसवता येत नाही. शिवाय अँटी-चीटचं कामच मुळी "समोर खरं विंडोज आहे ना, कुणी सोंग तर घेतलं नाही ना" हे तपासण्याचं. वाइनने इथे पुरतं सोंग वठवायचं ठरवलं तर ते लबाडांच्याच रांगेत जाऊन बसेल, आणि खात्यावर बंदी येईल ती वेगळीच. यूट्यूबवर यासाठी 'ट्रिक' दाखवणारे व्हिडिओ आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या अँटी-चीटनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी वाट मोकळी केली. पण ती वाट वापरायची की नाही हे गेम कंपनीच्या हातात. काहींनी वापरली, काहींनी नाही, आणि काहींनी उघडलेलं दार पुन्हा लावलं. 'एपेक्स लेजंड्स' लिनक्सवर छान चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबर-अखेरीस कंपनीने लिनक्सवाल्यांना बंद केलं. लबाडी रोखण्यासाठी, असं कारण दिलं. 'जीटीए ऑनलाइन'मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर गेले. त्याच गेमची एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. म्हणून ऑनलाइन गेमच्या भरवशावर विंडोज पुसू नये. तो मुलगा 'व्हॅलोरंट'शिवाय जगणार नसेल तर मीच सांगतो, लिनक्स शेजारी टाकूया, विंडोज राहू दे.

कर्नलच्या याच कारणाने आणखी एक वस्तू अडते, तिचा गेमशी संबंध नाही पण लोक विचारतात. लग्नपत्रिका, जाहिराती छापणाऱ्यांकडे डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्लीसारखी वस्तू) लावून चालणारी जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर असतात. डोंगलला ड्रायव्हर लागतो, त्यामुळे वाइनवर ती बहुतेकदा सुरूच होत नाहीत. छापखानेवाल्यांनी यात पडू नये.

सीडीवर आलेल्या जुन्या गेमचंही थोडं असंच. सीडी खरी आहे का हे तपासायला त्यांच्यात ड्रायव्हर असायचा. पण तो विंडोज १० नेही हद्दपार केला आहे, त्यामुळे ते गेम विंडोजवरही अडतात आणि दोष वाइनला देता येत नाही. उलट विंडोज ९५ च्याही आधीचे १६-बिट प्रोग्रॅम आजचं ६४-बिट विंडोज चालवत नाही, वाइन चालवतं.

बसवताना

गेम स्टीमवर असेल तर स्टीमच्या लिनक्स आवृत्तीत त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटीत प्रोटॉनची आवृत्ती निवडायची, एवढंच. एक नाही चालली तर जुनी किंवा नवी निवडून बघायची. एपिक आणि जीओजी या दुकानांतल्या गेमसाठी हिरोइक, बाकी कुठल्याही ईएक्सईसाठी लुट्रिस किंवा बॉटल्स हे प्रोग्रॅम. घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर गेमचं नाव टाकून बघावं. तिथे लोक आपापल्या मशीनचा अनुभव लिहितात, प्लॅटिनमपासून 'बोर्क्ड'पर्यंत श्रेणी असते. श्रेणीपेक्षा खालचे अलीकडच्या तारखांचे अभिप्राय वाचा, आणि लिहिणाऱ्याचं कार्ड तुमच्यासारखं आहे का ते बघा.

गेम चालतो पण मधल्या व्हिडिओच्या जागी नुसत्या रंगीत पट्ट्या दिसतात, अशी तक्रार येते. गेम बिघडलेला नसतो. त्या व्हिडिओचा प्रकार पेटंटच्या कचाट्यातला असतो, म्हणून प्रोटॉन तो उलगडायचं साधन सोबत देत नाही. व्हॉल्व्ह असे व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात करून पुरवतं, पण सगळ्या गेमचे नाही. जीई-प्रोटॉन नावाची लोकांनी बांधलेली आवृत्ती टाकली की बहुतेक वेळा काम होतं.

आणि दुसरी हार्ड डिस्क विंडोजच्या काळातली, एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर गेमची लायब्ररी तशीच त्यावर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. प्रीफिक्समध्ये सी ड्राइव्ह दाखवणाऱ्या दुव्याच्या नावातच विसर्गासारखे दोन ठिपके असतात, आणि ते विंडोजच्या नियमात बसत नाहीत. त्यातून गेम सुरू न होण्यापासून डिस्क तपासायला लागण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. डिस्कवरचा माल दुसरीकडे काढून ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा.

पावसाळ्यात लाइट आणि केबल दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून नेट असतानाच गेम एकदा पूर्ण सुरू करून घ्यावा. पहिल्या वेळी प्रोटॉन आणि त्याच्या सोबतचं सामान उतरतं, त्यात जीबीच्या आसपास डेटा जातो. त्यानंतर स्टीम ऑफलाइन मोडमध्ये चालतं. सेव्ह केलेला खेळ प्रीफिक्सच्या आत, यूझर्सखालच्या स्टीमयूझर नावाच्या फोल्डरमध्ये असतो. काही गेम क्लाउडवर पाठवतात, जुने पाठवत नाहीत. मशीन फॉरमॅट करायला दुकानात आणण्याआधी तो फोल्डर पेनड्राइव्हवर काढून आणा. दुसऱ्या लिनक्सवर त्याच जागी ठेवला की खेळ जिथे थांबला होता तिथून सुरू होतो.